शाईचे ओठ

"शालन, तुझ्या धैर्याचे ओठ बघ गं! आला की पोरगा आपल्यात!" मालन ओरडली, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या जणी हसल्या.

मी हसले नाही. शाईला भिणारी बाई म्हणून त्या गोदामात माझी ख्याती होती, आणि माझा मुलगा टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात तोंड निळंशार करून बसला होता.

इचलकरंजीत मागावरून उतरलेलं कोरं कापड व्यापाऱ्याकडे जाण्याआधी एकदा कुणाच्या तरी डोळ्यांखालून जातं. ते डोळे आमचे. उतरत्या काचेच्या टेबलावरून कापड ओढत आणायचं, खालून उजेड, आणि तुटका धागा दिसला, विणीत जाळं पडलेलं दिसलं, तेलाचा डाग दिसला की त्याभोवती मार्करनं गोल काढायचा. कापड ओढायला दोन्ही हात लागतात. पेन बोटांत धरता येतं, पण त्याचं टोपण ठेवायचं कुठं? टेबल उतरतं, ठेवलं की घरंगळून जातं. पेन उघडं राहिलं तर वाळून जातं आणि मग दिवाणजी तोंड सोडतात. म्हणून टोपण दातांत. गोल काढायचा, पेन तसंच तोंडाकडे न्यायचं आणि दातांतल्या टोपणात खुपसायचं, न बघता. नेम चुकला की टोक ओठाला लागायचं. दिवसातून कितीदा चुकायचा ते कोण मोजतंय. सगळ्यांचे ओठ निळे, हनुवटीवर ठिपके. संध्याकाळी घरी जाताना खोबरेल तेल लावून फडक्यानं पुसायचं, उरेल ते उरेल. गल्लीतली पोरं आम्हाला बघून चेकाळायची, आणि हिराक्का त्यांना जीभ काढून दाखवायच्या. जीभसुद्धा निळी.

मी तिथं नवीन होते. पहिल्या दिवसापासून मला त्या शाईची भीती. वासानं डोकं गरगरायचं, भाकरी कडवट लागायची. मी एकदा म्हटलं, "जी शाई साबणानं जात नाही, ती पोटात गेल्यावर कुठं जात असेल?"

"पोटात ऱ्हाती," हिराक्का म्हणाल्या. त्या सगळ्यांत जुन्या. केस पांढरे, ओठ निळे. "मी एवढी वर्षं खातोय न्हवं? मेले का?"

"अजून नाही."

"मेल्यावर सरणातनं निळा धूर निघंल. तेवढाच काय तो फरक."

अशा त्या. त्यांच्यापुढं भीती टिकायची नाही, पण घरी गेले की परत यायची. गल्लीत एका बाईच्या ओठाला गाठ आली होती. त्या बाईनं आयुष्यात कधी पेन धरलेलं नव्हतं, तरी मी आरशात माझे ओठ चाचपून बघायची. मुलाचं नाव मात्र आमच्या यांनी धैर्यशील ठेवलेलं. आईकडं जे नाही ते नावात तरी असावं, असं म्हणायचे.

त्या दिवशी सासूबाई लेकीकडे गेल्या होत्या म्हणून त्याला कामावर आणावं लागलं. तीन वर्षांचाही नव्हता. टेबलाखाली चिंध्यांवर बसवला, वाळलेली पेनं खेळायला दिली. रेषा न उठणारी पेनं, असा माझा समज. सकाळी मधेच तो जोरात खोकला. डोळ्यांतून पाणी, तोंड लाल. मी खाली वाकून त्याची पाठ चोळली. "तूस गेली असंल घशात," मालन म्हणाली. तिथं कापसाची बारीक तूस सतत उडायची आणि आम्ही सगळ्याच दिवसभर खोकायचो. खोकला थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी पुन्हा कापड ओढायला लागले. नंतर तो अगदी शांत खेळत होता. शमशाद दोनदा म्हणाली, "किती गुणाचं लेकरू आहे, आवाज नाही काही नाही."

आणि मग मालनला त्याचे ओठ दिसले.

मी त्याला टेबलाखालून ओढून काढलं. ओठ निळे, गाल निळा, हनुवटी, हाताची बोटं. एक पेन वाळलेलं नव्हतं म्हणायचं.

"यानं शाई खाल्ली. हिराक्का, यानं शाई खाल्ली."

"खाल्ली असंल. पोरं माती खात्यात."

"माती वेगळी! धैर्या, काय खाल्लंस? सांग आईला. शाई प्यायलास?"

तो बोलला नाही. एरवी त्याचं तोंड मिटायचं नाही. माझ्या खांद्याला घट्ट धरून नुसता बघत होता, छाती भरभर वरखाली होत होती. मला वाटलं, माझ्याच ओरडण्याला घाबरला.

"त्याला काय दम देतीस?" हिराक्का टेबल सोडून आल्या. "तू घाबरतीस आणि पोराला घाबरवतीस. शमशाद, चहाचं दूध आण जरा. दूध पाजलं की सगळं साफ."

शमशादनं दूध आणलं. मी वाटी त्याच्या तोंडाला लावली. त्यानं एक घोट घेतला आणि तो घोट नाकातोंडातून परत आला, माझ्या पदरावर. पुन्हा खोकला, पण सकाळसारखा नव्हे. आवाजच नसलेला खोकला. नुसतं अंग हलायचं.

"ओकलं. बरं झालं," मालन म्हणाली. "शाई पडली भाईर."

पदरावर दूध पांढरंच होतं. त्यात निळं काही नव्हतं. हे मी बघितलं, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. मला एकच कळत होतं, विष आत आहे आणि ते अजून आतच आहे.

"तोंड तरी पूस आधी," हिराक्का म्हणाल्या आणि त्यांनी त्यांची तेलाची बाटली आणि कोऱ्या कापडाचा तुकडा दिला. "भूत दिसायलंय. पुसलास की बघ, लगेच बरा वाटंल डोळ्याला."

मी तुकडा तेलात बुडवला. हनुवटी पुसली. निळं निघालं, खालची गोरी कातडी दिसली. गाल पुसला. गाल निघाला. शेजारी मालन आणि शमशाद हसतच होत्या, कुठल्या तरी लग्नात नवऱ्या मुलाच्या तोंडाला काय काय फासलं होतं त्याची गोष्ट चालली होती. मी ओठ पुसले. कापडावर निळा पट्टा आला. दुसरा कोपरा घेतला, पुन्हा पुसले. थोडा आला. तिसरा कोपरा घेतला.

कापड पांढरं राहिलं.

मी चांगलं दाबून पुसलं. कापड पांढरं, आणि ओठ निळे.

"हिराक्का," मी म्हटलं, "हे निघत नाही."

"तेल घे अजून."

"तेल नको. शाई निघाली. बघा, कापड कोरं आहे. ओठ निघत नाहीत."

त्याच वेळी वीज गेली. आमच्या गोदामाच्या भिंतीपलीकडे माग होते. दिवसभर त्यांचा खडखडाट असायचा, आम्ही त्यावर ओरडूनच बोलायचो. वीज गेली आणि सगळे माग एकदम थांबले. काचेखालचे दिवे विझले. त्या शांततेत मला माझ्या मांडीवर एक शिट्टी ऐकू आली. बारीक. कुणीतरी फार लांबून वाजवावी तशी. आत घेताना शिट्टी, बाहेर सोडताना शिट्टी.

सगळ्यांना ऐकू येत होती.

हिराक्का खाली बसल्या आणि त्यांनी त्याचा हात धरून दाराच्या उजेडाकडं नेला. नखं बघितली. शाई न लागलेल्या नखांच्या मुळाशीही तोच रंग. मी त्यांच्याकडं बघत होते. मला त्यांनी हसायला हवं होतं. सरणाचं, धुराचं काहीतरी बोलायला हवं होतं. त्या उठल्या आणि त्यांनी दिवाणजींना अशी हाक मारली की शेजारच्या कारखान्यातले कामगार बाहेर आले.

दिवाणजींच्या स्कूटरवर मागं बसून मी त्याला चौकातल्या डॉक्टर मगदुमांकडं नेलं. दारातूनच मी सांगायला लागले, "शाई प्यायलाय, मार्करची, दूध दिलं तर ओकला, डॉक्टर, ती शाई विषारी..."

डॉक्टरांनी हातानंच मला थांबवलं. छातीला नळी लावली, एका बाजूला, दुसऱ्या बाजूला, परत पहिल्या बाजूला.

"शाई पोटात जाते, बाई," ते म्हणाले. "ही भानगड छातीतली आहे. दोन्ही बाजूंना हवाच नीट जात नाही. आज याला एकदम खोकला आला होता का? ठसका लागल्यासारखा?"

"सकाळी. तूस गेली होती घशात."

"तूस नव्हे. खेळत कशाशी होता?"

"पेनांशी."

"टोपणं होती त्या पेनांना?"

टोपणं कुठं असतात, मला ठाऊक होतं. आमच्या दातांत असतात. आणि बोलताना, हसताना, शिंकताना दातांतून पडतात, घरंगळतात, आणि आम्ही पेटीतून दुसरं घेतो.

मी बोट त्याच्या तोंडाकडं नेलं. डॉक्टरांनी माझं मनगट पकडलं.

"अजिबात नाही. बोट घालायचं नाही, पाठीवर मारायचं नाही, आडवा करायचा नाही. आता थोडी का होईना हवा जातेय. ते हललं आणि आडवं बसलं, तर तीही जाणार नाही. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. माझ्या गाडीतून. आणि हे बघा," ते खाली वाकून माझ्या डोळ्यांशी डोळे आणून बोलले, "वाटेत हा रडता कामा नये. रडला की जोरात श्वास ओढणार. तुम्ही रडलात की तो रडणार. कळलं का?"

मी मान हलवली.

मी पालीला घाबरते. मी एकटी बँकेत जायला घाबरते. मी शाईला घाबरत होते. आणि त्या दिवशी मला हसत बसायचं होतं.

डॉक्टर गाडी चालवत होते, दिवाणजी त्यांच्या शेजारी हात जोडून बसलेले. मी मागं, धैर्या माझ्या मांडीवर उभा धरलेला, त्याची पाठ माझ्या छातीला. त्याची प्रत्येक शिट्टी माझ्या बरगड्यांना कळत होती. "ते बघ ट्रॅक्टर," मी म्हणत होते. "ऊस बघ किती! एवढा ऊस कोण खाणार? दिवाणजी खाणार. दिवाणजींना दात किती आहेत?" दिवाणजींनी वळून दात दाखवले. त्यांचे डोळे भरलेले होते आणि दात काढलेले होते. असला चेहरा मी पुन्हा कुणाचा बघितला नाही. धैर्या त्यांच्याकडं बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता, गार.

"शिट्टी कोण वाजवतंय रे?" मी म्हटलं. "धैर्याच्या पोटात गाडी आहे वाटतं."

वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं.

डॉक्टरांनी गाडी थांबवली. पुढं बैलगाड्या, ट्रक, कुणी वळून जायला जागा नाही. ते स्टिअरिंगवर बोटं आपटत होते. दिवाणजी उतरून फाटकवाल्याकडं धावले. गाडीत त्या शिट्टीशिवाय आवाज नव्हता. आणि ती बारीक होत चालली होती. मी मनात तिच्या मागं मागं जात होते. आता आली. आता आली. आता... आली.

मालगाडी आली. त्या पोराला आगगाडी म्हणजे जीव की प्राण. त्यानं मान उचलली, निळं बोट वर केलं, तोंड उघडलं. "गाडी" म्हणायला ओठ जुळवले. आवाज निघाला नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला आणि मग वळून माझ्याकडं बघितलं. तो माझ्याकडं तक्रार घेऊन आला होता. आवाज कुणी घेतला, असं विचारत होता. त्याची हनुवटी थरथरायला लागली.

"गाडी!" मी ओरडले. "गाडी, गाडी, गाडी! आई म्हणते तुझ्यासाठी. तू नुसतं बोट दाखव, आई म्हणणार. हे काय?"

त्यानं डब्याकडं बोट केलं.

"डबा! आणि हे? डबा! आणि ते? अजून डबा!"

प्रत्येक डब्याला तो बोट दाखवत गेला आणि मी ओरडत गेले. डॉक्टर आरशातून बघत होते. त्याचं बोट जरा जरा खाली यायला लागलं होतं. शेवटच्या डब्यांना मी त्याचा हात माझ्या हातात धरून वर उचलून धरला. तो रडला नाही. रडायला ताकद उरली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही.

मिरजेत तिथल्या डॉक्टरांनी त्याला माझ्या हातातून घेतलं आणि दार लावलं. डॉक्टर मगदूम त्यांच्याबरोबर आत गेले. मी भिंतीला टेकून खाली बसले. मांडीवर वजन नाही, छातीला शिट्टी नाही. शांतता एवढी वाईट असते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आमचे हे कारखान्यातून आले. कपड्यांना सरकीचा, तेलाचा वास. शेजारी बसले. थोड्या वेळानं जिन्यावरून पावलं वाजली आणि हिराक्का, मालन, शमशाद वर आल्या. गोदाम तसंच टाकून, जीपला लटकून आल्या होत्या. टोपणाचं त्यांना दिवाणजींनी खालीच सांगितलं होतं. तेलानं ओठ पुसायला कुणाला सुचलं होतं?

पलीकडून एक तरुण नर्स येत होती. नुकतीच त्या दाराआडून बाहेर पडलेली. तिनं जिन्यापाशी धापा टाकत उभ्या राहिलेल्या तीन बायका बघितल्या, तिघींचे ओठ निळे. मग भिंतीपाशी मी, चौथी. ती जागच्या जागी किंचाळली, "सिस्टर! ऑक्सिजन! इकडे चार पेशंट!" आणि हिराक्कांना दोन्ही खांद्यांना धरून बाकावर आडवं करायला लागली.

"अगं ए! सोड! अगं शाई हाय ती!" हिराक्का हातपाय झाडत होत्या.

"बोलू नका मावशी, श्वास घ्या! दीर्घ श्वास घ्या!"

"घेतोय की! जन्मापास्नं घेतोय!"

मी हसले. त्या जिन्यापाशी, त्या बंद दारासमोर मी हसले, आणि हसता हसता मोठ्यानं रडायला लागले. आता रडायला बंदी नव्हती. हिराक्का नर्सच्या हातून सुटल्या आणि माझ्यापाशी येऊन बसल्या. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं.

"माझंच टोपण असंल, शालन," त्या म्हणाल्या. "परवा एक पडलं हुतं. मी शोधलं न्हाई."

"तुमचं कसलं? माझं आहे," मालन म्हणाली. "सकाळी शिंकले तवा उडालं."

"मेरा होगा," शमशाद म्हणाली. पदर तोंडात धरून उभी राहिली.

तिघी ते टोपण आपलंच म्हणून भांडत होत्या, आणि मी ऐकत होते. कुणाचं होतं, मी आजवर विचार केलेला नाही.

दार उघडलं. एक वयस्क डॉक्टर हातात स्टीलची लहान थाळी घेऊन बाहेर आले, मागं डॉक्टर मगदूम. थाळीत एक निळं टोपण होतं. बारीक पेनाचं. एवढंसं. मी रोज कितीतरी वेळा दातांत धरायची, पण इतकं लक्ष देऊन कधी बघितलं नव्हतं.

"मूल वाचलं," ते म्हणाले. आधी तेच म्हणाले, त्यांचे उपकार. मग त्यांनी टोपण चिमट्यानं उजेडात धरलं. "याच्या टोकाला भोक आहे, दिसतं? या एवढ्या भोकातून तो मिरजेपर्यंत श्वास घेत आला."

ती शिट्टी त्या भोकाची होती. आमच्या यांनी त्या टोपणाकडं बघून हात जोडले.

मी विचारलं, "आणि शाई, डॉक्टर? तोंडात गेली, त्याचं काय?"

ते थकलेले होते, तरी हसले. "ती चाखली एवढ्यानं काही होत नाही. तोंड धुवा, पाणी पाजा, झालं. पण तुम्ही सगळ्या रोज दिवसभर ती तोंडात घेऊन असता ना? ते बंद करा. ओठ काही टोपण ठेवायची जागा नाही."

"मग ठेवायचं कुठं?" हिराक्कांनी खरोखरच विचारलं.

उत्तर पुढच्या आठवड्यात दिवाणजींनी शोधलं. प्रत्येक पेनाला दोरा, दोऱ्याला टोपण, आणि दोरा टेबलाच्या खिळ्याला.

मला आत सोडलं. तो मोठ्या लोखंडी खाटेवर एवढासा दिसत होता. नाकाला नळी, झोपलेला. मी आधी छाती बघितली. वर, खाली. आवाज नाही, नुसता श्वास. मग ओठ बघितले. लालसर गुलाबी, कडेला थोडे सुकलेले. मी खाटेला धरून उभी राहिले आणि ते ओठ बघत राहिले. पुन्हा निळे होतील अशी भीती जाईना. नजर हटवली तर होतील असं वाटे, म्हणून डोळेही मिटले नाहीत.

बऱ्याच वेळानं, मी खाटेशी बसून त्याचा हात धरलेला असताना, त्यानं डोळे उघडले. मला ओळखलं. नळीनं घसा सोललेला, आवाज घोगरा, एखाद्या म्हाताऱ्यासारखा. पण आवाज.

"आई," तो म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडं बोट केलं. "तोंड धू."

"धुते," मी म्हटलं, आणि उठले नाही. उठायचं म्हणजे त्याचा हात सोडावा लागला असता.